गोंगाटाचे माप कोणी घ्यावे?

वजनमापे ठरविणे, जमिनी मोजणे आणि माणसे गणणे ही कामे राज्यकर्त्याची, असे आपण पिढ्यान् पिढ्या धरून चालत आलो आहोत. तलाठ्याच्या दप्तरात असेल तेवढे शेत, वेधशाळेच्या नोंदीत असेल तेवढा पाऊस. रयतेने त्यावर तक्रार करावी, अर्ज करावा, फार तर फेरमोजणी मागावी. पण स्वतः साखळी घेऊन मोजायला उभे राहावे, अशी आपली रीत नाही. असे असता गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगातील काही शहरांतून एक निराळाच प्रकार घडून आला. साध्या गृहस्थांनी, गृहिणींनी, निवृत्त शिक्षकांनी आणि कारागिरांनी आपल्या डोक्यावरून जाणारा गोंगाट स्वतः मोजण्यास आरंभ केला, त्याच्या वह्या ठेवल्या, आणि त्या वह्या सरकारच्या वह्यांशेजारी आणून ठेवल्या. या प्रकाराचा इतिहास मोठ्या लढायांइतका गाजलेला नाही. तथापि लोकशाहीत नागरिकाचे काम मतदानाच्या दिवशी संपते की नाही, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात दडलेले आहे. म्हणून आजच्या विषयासाठी तो निवडला आहे.

आरंभ विमानापासून होत नाही, नावेपासून होतो. १९०५ साली न्यूयॉर्क शहरात हडसन नदीच्या काठी ज्युलिया बार्नेट राइस नावाची एक सुखवस्तू बाई राहत असे. तिने वैद्यकाची पदवी घेतलेली होती. नदीतून मोठी जहाजे ओढून नेणाऱ्या टगबोटी रात्रभर शिट्या वाजवीत. बाईंनी अर्ज केले. उत्तर एकच मिळे : शिटी ही नौकानयनाला आवश्यक आहे. मग त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे काही विद्यार्थी पगार देऊन नेमले आणि त्यांना नदीकाठी रात्रभर बसवून शिट्या मोजायला लावल्या. एका रात्रीत सुमारे ३,००० शिट्या भरल्या. त्यांतील पुष्कळशा शिट्या धोक्याच्या सूचनेच्या नव्हत्याच. ओळखीच्या खलाशाला रामराम घालण्याच्या, किनाऱ्यावर झोपलेल्या सोबत्याला उठविण्याच्या होत्या. बाईंनी इस्पितळांतून साक्षी जमविल्या, काठावरच्या पोलिसांच्या जबान्या घेतल्या. १९०६ साली त्यांनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध एक संस्था काढली आणि १९०७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने बंदरांतील अनावश्यक शिट्यांना आळा घालणारा कायदा केला.

या छोट्याशा हकीगतीत पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. राइसबाईंजवळ कोणतेही यंत्र नव्हते. आवाज किती मोठा, हे त्यांना सांगता येत नव्हते; किती वेळा, केव्हा आणि कशासाठी, एवढेच सांगता येत होते. पण तेवढ्याने काम भागले. 'आम्हांला फार त्रास होतो' या वाक्याला अधिकाऱ्याजवळ उत्तर असते. 'अमुक रात्री अमुक वेळांत ३,००० वेळा' या वाक्याला प्रतिआकडा द्यावा लागतो, आणि तो द्यायचा तर त्यालाही मोजावे लागते. तक्रारीचे रूपांतर नोंदीत झाले की वादाची जागाच बदलते.

यानंतर विमान आले. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 'कॉस्बी खटला' या नावाने प्रसिद्ध असलेला दावा निकालात निघाला. उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो गावाजवळ २.८ एकरांच्या जागेत एक कुटुंब कोंबड्यांचा धंदा करीत होते. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळाचा वापर लष्कर करू लागले. धावपट्टीचे टोक कोंबड्यांच्या खुराड्यापासून २,२२० फुटांवर, आणि उतरण्याचा ठराविक मार्ग घरापासून अवघा ६७ फूट वर. रात्री विमानांच्या दिव्यांचा झोत खिडकीतून आत येई. कोंबड्या भयाने भिंतींवर आपटून मरत. एका दिवसात सहा ते दहा कोंबड्या मेल्याचीही नोंद आहे, आणि एकंदर सुमारे १५० कोंबड्या गेल्या. शेवटी धंदा बंद करावा लागला. जमीन ज्याची त्याचेच वरचे सारे आकाश, हा जुना सिद्धांत विमानाच्या युगात चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पण त्याच निकालात असेही म्हटले की, इतकी खालून आणि इतकी वारंवार होणारी उड्डाणे म्हणजे त्या जमिनीचा उपभोगच काढून घेणे होय, आणि त्याची भरपाई सरकारने दिली पाहिजे. सारे आकाश मालकाचे नाही, पण घराच्या लगतचे आकाश अगदीच सरकारचेही नाही, असा हा मध्यममार्ग होता.

या खटल्यात फूट मोजले, एकर मोजले, मेलेल्या कोंबड्या मोजल्या. आवाज मात्र कोणी मोजला नाही. त्याची गरज पडली नाही, कारण कोंबड्यांनी साक्ष दिली होती. जेथे साक्ष द्यायला माणसाची झोप आणि मुलांचा अभ्यास एवढेच असते, तेथे काय करावे? हा प्रश्न दहा-बारा वर्षांनी जेट विमानाने उभा केला.

१९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली. आधी ब्रिटनचे कॉमेट आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे बोइंग ७०७. न्यूयॉर्कच्या विमानतळांचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीला चिंता पडली. विमान बांधणारे म्हणत होते, आमच्या जेटचा आवाज यंत्रावर जुन्या पंख्याच्या विमानाइतकाच भरतो. हे खरेही होते. परंतु ऐकणारा म्हणत होता की, जेटचा आवाज सोसवत नाही. लिओ बेरानेक हे ध्वनिशास्त्रज्ञ आणि कार्ल क्रायटर हे मानसशास्त्रज्ञ यांनी माणसांना दोन्ही आवाज ऐकवून त्यांचीच तुलना घेतली. तेव्हा ध्यानात आले की, कान म्हणजे तराजू नव्हे. उंच पट्टीतली किंकाळी त्याला खालच्या पट्टीतल्या घरघरीपेक्षा अधिक छळते. यातून क्रायटर यांनी १९५९ साली 'जाणवणारा गोंगाट' मोजण्याचे नवे एकक मांडले, आणि न्यूयॉर्कने त्या मापाने वस्तीवर ११२ ची मर्यादा घातली. विमानांना उड्डाणानंतर वस्ती येताच इंजिनाचा जोर कमी करावा लागू लागला. यंत्र बरोबर होते, पण यंत्राला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ही गोष्ट या इतिहासात पुनःपुन्हा येणार आहे.

येथे डेसिबल या मापाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या स्वभावातून निघतो. शेर-पायलीची बेरीज आपल्याला कळते. डेसिबलची बेरीज तशी होत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की डेसिबल फक्त ३ ने वाढतात. दसपट झाली की १० ने. म्हणजे ७० डेसिबलचे एक यंत्र चालू असता तसेच दुसरे लावले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. कानाला मात्र साधारण १० डेसिबल वाढले म्हणजे आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ऊर्जेचा हिशोब आणि कानाचा हिशोब असे दोन निरनिराळे हिशोब येथे आहेत. आणि कोणता हिशोब कायद्यात घालावा, यावर हजारो घरांची शांतता अवलंबून असते.

ब्रिटिश सरकारने १९६० साली सर ॲलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली गोंगाटाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल १९६३ साली आला. या समितीसाठी १९६१ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवती १० मैलांच्या आतील घरोघर जाऊन रहिवाशांना प्रश्न विचारण्यात आले, आणि त्यांची उत्तरे त्या त्या ठिकाणच्या मापांशी ताडून पाहण्यात आली. त्यातून 'गोंगाट आणि संख्या निर्देशांक' निघाला. नाव अन्वर्थक होते : विमाने किती मोठ्याने जातात आणि किती वेळा जातात, या दोहोंची त्यात सांगड होती. विमानांची संख्या दुप्पट झाली की निर्देशांक साडेचारांनी वाढे. पुढे १९९० साली ब्रिटनने हे माप सोडून 'समतुल्य सरासरी पातळी' स्वीकारली. दिवसभरातली सगळी ध्वनिऊर्जा गोळा करावयाची आणि ती सोळा तासांवर सारखी पसरून द्यावयाची, असा तिचा अर्थ. या मापात विमाने दुप्पट झाली तर वाढ फक्त तीनाची.

दीडाचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण हिशोब करून पाहा. समजा, कारखानदारांनी विमान ३ डेसिबलने शांत केले आणि कंपन्यांनी उड्डाणे दुप्पट केली. जुन्या निर्देशांकाप्रमाणे त्रास दीडाने वाढला; नव्या सरासरीप्रमाणे काहीच घडले नाही. खाली राहणाऱ्याला मात्र ३ डेसिबलचा दिलासा जेमतेम जाणवतो, आणि जिथे दर चार मिनिटांनी बोलणे थांबवावे लागे तिथे आता दर दोन मिनिटांनी थांबवावे लागते, हे चांगले जाणवते. यात कोणी खोटे बोलले नाही. कोणत्याही यंत्रात बिघाड नाही. फक्त कोष्टक बदलले.

हॉलंडमधले उदाहरण याहून बोलके आहे. डेल्फ्टचे प्राध्यापक कोस्टेन यांच्या समितीने १९६७ साली विमानगोंगाटासाठी एक सूत्र दिले, आणि त्यावर स्किपोल विमानतळाचा कारभार पुढे तीन तपे चालला. हे सूत्र व्यवहारात वापरताना ६५ डेसिबलच्या खालचा आवाज हिशोबातच घ्यायचा नाही, अशी वहिवाट पडली. जुनी जेटे कर्णकर्कश होती तोवर यात फारसे बिघडत नव्हते. परंतु विमाने सौम्य होत गेली तसतसा परिणाम उलटा होऊ लागला : ६४ डेसिबलचे विमान शंभरदा गेले तरी कागदावर एकदाही गेले नाही! खाली बसलेला माणूस ते शंभरही विमाने ऐकत होता. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर २००३ साली तिथे नवी पद्धत आली. युरोपने २००२ च्या निर्देशाने जे माप सर्वांसाठी ठरविले होते, त्यात संध्याकाळच्या आवाजाला ५ आणि रात्रीच्या आवाजाला १० डेसिबल जादा धरतात. रात्रीचा एक आवाज दिवसाच्या दहा आवाजांच्या तोलाचा आहे, ही कबुली त्यात आहे.

सरकारांनी माणसांनाच मोजमापाचे यंत्र केल्याचेही एक उदाहरण आहे. आवाजापेक्षा वेगाने जाणारे प्रवासी विमान काढण्याचा अमेरिकेचा विचार चालू होता. त्या विमानामागून येणारा स्फोटासारखा दणका लोक सोसतील काय, हे पाहण्यासाठी १९६४ साली ओक्लाहोमा शहरावरून फेब्रुवारीपासून जुलैअखेर रोज आठ दणके, असे एकंदर १,२५३ दणके उडवण्यात आले. पंधरा हजारांहून अधिक तक्रारी आल्या. शहरातील लोकांना वेळोवेळी प्रश्न विचारले होते. प्रयोगाच्या शेवटी २७ टक्के लोकांनी सांगितले की, असे आठ दणके रोज सोसणे आम्हांला जमणार नाही. आता हा आकडा एक. त्याचे अर्थ दोन. तीन-चतुर्थांश लोक सोसतील, असे एक पक्ष म्हणाला. दर चौघांत एकाला जगणे नकोसे होईल, असे दुसरा म्हणाला. १९७१ साली काँग्रेसने त्या विमानाचा पैसा बंद केला आणि १९७३ साली अमेरिकेच्या भूमीवरून नागरी विमानांच्या तशा वेगाच्या उड्डाणांना बंदी झाली. विमान रद्द होण्याला खर्चासारखी इतरही कारणे होती. पण ओक्लाहोमाच्या लोकांनी दिलेले उत्तर त्या वादात वरचेवर उच्चारले गेले.

न्यायालयांचीही गोष्ट पाहिली पाहिजे. जपानमध्ये ओसाका शहराच्या विमानतळाजवळ कावानिशी येथील रहिवाशांनी १९६९ साली सरकारवर दावा लावला. विमानतळ दाट वस्तीत सापडला होता आणि १९६४ पासून तेथे जेटे येऊ लागली होती. १९७५ साली ओसाकाच्या उच्च न्यायालयाने रात्री ९ ते सकाळी ७ उड्डाणे बंद करण्याचा हुकूम दिला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने मागील त्रासाची भरपाई मान्य केली; पण उड्डाणे थांबविण्याची मागणी दिवाणी दाव्यात करता येत नाही, असे ठरवून तो हुकूम उचलला. तरीही रात्रीची शांतता त्या विमानतळावर पुढे कायमच राहिली. कोर्टात हरलेली गोष्ट व्यवहारात टिकली. उलट हीथ्रोच्या रहिवाशांचा अनुभव. रात्रीच्या उड्डाणांविरुद्ध ते स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २००१ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला; २००३ साली मोठ्या पीठाने तो १२ विरुद्ध ५ मतांनी फिरविला. मात्र त्याच पीठाने असेही म्हटले की, या लोकांना आपल्या देशातील न्यायालयांत दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग मिळालेला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती घडली जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या परिसरात. या विमानतळाच्या पश्चिमेकडील धावपट्टीसाठी जंगल तोडण्याविरुद्ध १९८०-८१ साली प्रचंड आंदोलन झाले. सार्वमत घ्यावे म्हणून २,२०,००० हून अधिक सह्या जमल्या. सार्वमत नाकारले गेले. १९८४ साली धावपट्टी चालू झाली. १९८७ च्या नोव्हेंबरात तेथील निदर्शनात दोन पोलीस गोळ्या लागून ठार झाले आणि चळवळीवर काळोखी आली. ज्या आंदोलनाने लाखाहून जास्त माणसे रस्त्यावर आणली होती, त्याचा असा शेवट व्हावा, ही त्या शांतताप्रिय लोकांना फार लागलेली गोष्ट होती. पुढे चौथ्या धावपट्टीचा प्रस्ताव आला, तेव्हा १९९८ ते २००० या काळात सर्व पक्षांना एकत्र बसवून मध्यस्थीचा प्रयोग झाला. त्यातून तोड निघाली ती अशी : धावपट्टी बांधावी, पण रात्री उड्डाणे बंद ठेवावीत.

जर्मनीत १९७१ पासून विमानगोंगाटाचा कायदा आहे. विमानतळांनी आवाज मोजणारी यंत्रे बसवावीत, असे बंधन त्या वेळीच आले. परंतु कोणत्या घराला संरक्षण मिळणार, कोणाच्या खिडक्यांना जाड काचा सरकारी नियमाने बसणार, हे ठरविणारी क्षेत्रे मोजून ठरत नाहीत. ती गणिताने काढतात. किती विमाने, कोणत्या जातीची, कोणत्या मार्गाने जातील, हे गृहीत धरून नकाशावर रेषा ओढल्या जातात. यात अप्रामाणिकपणा नाही. जे विमान अजून यायचे आहे ते मोजणार कसे? पण रेषेच्या अलीकडच्या घराला काचा आणि पलीकडच्या घराला काही नाही, असे झाले की पलीकडचा माणूस साहजिकच विचारतो : माझ्या घरावर खरोखर काय होते, हे कोणी पाहिले आहे का?

या प्रश्नातून एकविसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँकफुर्टभोवतीच्या गावांतील नागरिकांनी स्वतःची मापनव्यवस्था उभी केली. पुढे तिला 'डॉइच्चर फ्लूगलेर्मडीन्स्ट', म्हणजे जर्मन विमानगोंगाट सेवा, असे नाव मिळाले. पद्धत साधी आहे. घराच्या छपरावर किंवा बागेत उंच काठीवर वाऱ्याचे आवरण घातलेला ध्वनिग्राहक बसवावयाचा. तो दर सेकंदाला आवाजाची पातळी टिपतो. ती घरच्या संगणकातून मध्यवर्ती ठिकाणी जाते, आणि दिवसभराचा आलेख कोणाही माणसाला पाहावयास खुला राहतो. खर्च ज्याचा त्याने करावयाचा. एका गावातून दुसऱ्या गावात असे करीत ही यंत्रे इतर जर्मन विमानतळांभोवती आणि शेजारच्या देशांतही पसरली.

आलेखात विमान ओळखू कसे येते? कुत्रा भुंकला तर रेषा सुळक्यासारखी वर जाते आणि तशीच खाली येते. मोटार गेली तर लहान टेकडी उमटते. विमान दुरून येते, माथ्यावर येते, दूर जाते. त्याची रेषा अर्धा-पाऊण मिनिट संथपणे चढते आणि संथपणे उतरते. शेजारच्या गावच्या यंत्रावर तीच टेकडी काही सेकंद आधी उमटलेली असते. ती उड्डाणांच्या वेळापत्रकाशी जुळली की शंकेला जागा उरत नाही. एकटे यंत्र साशंक असते; दहा गावांची दहा यंत्रे एकमेकांचे साक्षीदार होतात.

चौथी धावपट्टी २१ ऑक्टोबर २०११ रोजी चालू झाली. राज्य सरकारने २००७ साली दिलेल्या परवानगीत रात्री ११ ते ५ या वेळात सरासरी १७ उड्डाणांची मुभा ठेवली होती. मध्यस्थीतला शब्द मोडला, असे लोकांचे म्हणणे. धावपट्टी चालू होण्याच्या काही दिवस आधीच राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ही उड्डाणे थांबविली, आणि ४ एप्रिल २०१२ रोजी लाइपझिगच्या संघीय न्यायालयाने बंदी कायम केली. हा निकाल नागरिकांच्या यंत्रांमुळे लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो लागला कायद्यामुळे आणि रात्रीच्या विश्रांतीला कायद्याने दिलेल्या महत्त्वामुळे. त्याच नोव्हेंबरापासून लोक दर सोमवारी विमानतळाच्या दालनात जमून निषेध करू लागले होते, तेही विसरता येत नाही. यंत्रांचे काम खरे सुरू झाले ते निकालानंतर. हुकूम कागदावर असतो. तो पाळला जातो की नाही, हे रोज रात्री कोणीतरी पाहावे लागते. उशिरा झालेले विमान अकरानंतर आले, तर ते किती वाजून किती मिनिटांनी आले, हे अनेक घरांच्या आलेखांवर आपोआप उमटते. राइसबाईंचे विद्यार्थी नदीकाठी बसून जे करीत होते, तेच हे.

येथे नागरिकांच्या मापनाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रागावलेला माणूस चांगला मोजणारा असतोच असे नाही. ध्वनिग्राहक भिंतीला लागून ठेवला तर परतणाऱ्या आवाजाने आकडा फुगतो. वारा सुटला की यंत्र वाऱ्याचेच गाणे मोजते. मोजण्यापूर्वी आणि मोजून झाल्यावर ९४ डेसिबलचा ठराविक सूर यंत्रापुढे धरून त्याची परीक्षा घेतली नाही, तर कोर्टात त्या आकड्याला कवडीची किंमत मिळत नाही. सर्वांत मोठा दोष म्हणजे त्रास झाला त्याच दिवशी मोजणे. ज्या वहीत फक्त वाईट रात्री आहेत ती वही नव्हे, ते गाऱ्हाणे. शांत रात्रीही ज्याने तितक्याच इमानाने लिहिल्या, त्याच्याच वाईट रात्रींवर विश्वास बसतो. विमाने दुसऱ्या मार्गाने गेली म्हणून आपल्या गावावर आठवडाभर काही नव्हते, असे ज्या नोंदवहीत निःसंकोच लिहिले आहे, ती वही विरुद्ध पक्षाच्या तज्ज्ञालाही उघडून पाहावी लागते.

अशी इमानाने ठेवलेली वही पुष्कळदा काय दाखवते? सरकारी आकडा खोटा आहे, असे नव्हे. सरकारी आकडा निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे. एक हिशोब पाहा. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. त्यांत एकच विमान वीस सेकंद ८० डेसिबलचा आवाज करून गेले आणि बाकी रात्र पूर्ण निःशब्द होती, असे धरा. त्या रात्रीची सरासरी भरते सुमारे ४८ डेसिबल. घरातले सगळे दचकून उठले, तान्हे मूल तासभर रडले. कागदावर रात्र शांत आहे. सरासरी चुकलेली नाही. पण मनुष्य सरासरीने झोपत नाही आणि सरासरीने जागा होत नाही. म्हणून किती वेळा, कोणत्या वेळी आणि किती मोठ्याने, हे तीनही आकडे सरासरीच्या शेजारी छापले जावेत, एवढीच या चळवळींची सगळ्यांत महत्त्वाची मागणी आहे.

हे केवळ चैनीचे गाऱ्हाणे नाही, हे म्युनिकने दाखविले. १९९२ च्या मे महिन्यात म्युनिकचा जुना विमानतळ बंद होऊन दूरच्या नव्या जागी गेला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची स्थलांतराच्या आधी आणि नंतर परीक्षा घेतली होती. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण आवाज थांबल्यावर सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे आवाज आल्यावर खालावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रात्रीचा विमानगोंगाट बाहेर ४० डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस केली. म्युनिकच्या अभ्यासाचे सारे बळ एका शब्दात आहे : 'आधी'. विमाने येण्यापूर्वी मोजले होते, म्हणून नंतरचा फरक सांगता आला.

हा शब्द आपण महाराष्ट्रात ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे गोंगाटाविरुद्धच्या कायदेशीर लढ्याला परंपरा आहे. मुंबईत १९८५ साली डॉ. यशवंत ओक यांनी ध्वनिक्षेपकांच्या उपद्रवाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. २००३ पासून सुमायरा अब्दुलअली यांनी स्वतः ध्वनिमापक हाती घेऊन सणासुदीचे आकडे घेतले आणि ते न्यायालयापुढे व पोलिसांपुढे ठेवले. शांतता क्षेत्रांची अंमलबजावणी हा विषय त्या प्रयत्नांनी चर्चेत आला. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विमानतळांच्या आवाजक्षेत्रासाठी २०१८ साली निराळी अधिसूचना निघाली. तीत गजबजलेल्या विमानतळांभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५ अशी सरासरी ठरली. घर तेच, झोप तीच. क्षेत्राचे नाव बदलले की मर्यादा २० डेसिबलने वर जाते. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ऊर्जा, हे आपण वर पाहिलेच.

सांताक्रूझच्या विमानतळावर उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या चाळींवरून आणि झोपड्यांवरून इतकी खालून जातात की, खिडकीतल्या पोराला चाके मोजता येतात. तिथे जाड काचा कोण लावणार? ज्या भिंती पत्र्याच्या आहेत त्यांना आवाजबंद खिडकी बसत नाही. पुण्यात लोहगावाभोवती लष्करी आणि प्रवासी दोन्ही विमानांच्या सावलीत नवी उपनगरे उभी राहिली. आणि २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे-पनवेलच्या बाजूला विमानांची संख्या वर्षानुवर्षे वाढत जाणार हे उघड आहे. तेथील शाळांच्या वर्गांत, इस्पितळांच्या आवारात, घरांच्या गच्च्यांवर आज आवाज किती आहे, याची नोंद आज केली तरच दहा वर्षांनी तुलनेला काही हाती राहील. त्या काळी शांतता होती, असे नंतर सांगणाऱ्याला कोणी विचारील : किती होती? त्याचे उत्तर नंतर मिळत नाही.

विमान नको, असा या विवेचनाचा अर्थ कोणी करू नये. आपली मुले परदेशी जातात, आजारी माणसाला विमानानेच मोठ्या शहरी नेतात, कोकणचा आंबा विमानाने परदेशी जातो. वाद विमान असावे की नसावे हा नाहीच. एकाच्या सोयीची किंमत दुसऱ्याच्या झोपेतून वसूल होत असेल, तर निदान ती किंमत खरी लिहिली जावी, एवढाच वाद आहे. फ्रँकफुर्टच्या लोकांनी सह्या केल्या, मोर्चे काढले, काहींच्या अविचाराने रक्त सांडलेलेही पाहिले. आणि या सगळ्यानंतर त्यांतील काहींनी छपरावर एक काठी उभारून त्यावर यंत्र बसविले. मोर्चाचा आवाज संध्याकाळी विरतो. नोंद राहते, कारण पुढच्या पिढीतला कोणी अनोळखी माणूसही ती उघडून ताडून पाहू शकतो. सरकारने मोजू नये असे नाही, सरकारने मोजावेच. पण ज्याच्या डोक्यावरून विमान जाते त्यालाही मोजता आले पाहिजे, त्याची वही स्वच्छ असली पाहिजे, आणि दोन्ही वह्या एकाच मेजावर उघडल्या गेल्या पाहिजेत. एवढे झाले म्हणजे लगेच शांतता मिळेल असे नाही. परंतु रात्री अडीच वाजता कोण जागे झाले, हे कोणाला नाकारता येणार नाही.